मदत हवी आहे: वेरेच्या नेव्हल वॉर कॉलेजवरच्या मराठी फलकासाठी शब्द सुचवा

पणजीतल्या एका वाचनालयासाठी तीन बाय दोन फुटांचा माहितीफलक करतोय. पाच फुटांवरून वाचता यावा, म्हणून मजकूर १२० शब्दांतच बसवायचाय. अडलंय ते शब्दांवर.

मांडवीपलीकडे वेरेला आयएनएस मांडवी या नौदल तळावर असलेल्या या कॉलेजला जुनी माणसं अजून 'नेव्हल अकॅडमी'च म्हणतात. चूक त्यांची नाही. अकॅडमी तिथंच होती, २००९ मध्ये ती केरळात एळिमलाला गेली. तिथं कॅडेट घडतात. वॉर कॉलेज १९८८ पासूनचं, मुंबईहून २०११ मध्ये इथं आलेलं, आणि शिकणारे वरिष्ठ अधिकारी. दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज (१९६०) त्याच्याही वर: ४७ आठवड्यांचा कोर्स, वर्गात ब्रिगेडियर दर्जाचे सैनिकी अधिकारी, सहसचिव पातळीचे सनदी अधिकारी आणि मित्रदेशांतले पाहुणे अधिकारी. त्याची गल्लत खडकवासल्याच्या एनडीएशी हमखास होते.

१. 'अकॅडमी' आणि 'वॉर कॉलेज' हा फरक मराठीत एका नजरेत कसा दिसेल? 'प्रबोधिनी' आणि 'युद्ध महाविद्यालय' चालेल का? 'नौसेना' मला हिंदी वाटतं, 'नौदल'च हवं.

२. हुद्दे. नौदलाचा कॅप्टन म्हणजे लष्करातला कर्नल. नुसतं 'कॅप्टन' छापलं की वाचणारा तीन पायऱ्या खाली उतरतो. कंसात समकक्ष हुद्दा द्यावा की तळाला छोटा तक्ता?

नौदलातून निवृत्त झालेलं कुणी असेल तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या, छपाई त्यावरच अडलीय.