आत्याचा टिन आणि छोटूचा खेळातला केक

वहिनी: रविवारच्या केकबद्दल विचारायचं होतं. दोन केक करायचे, एक सगळ्यांसाठी आणि एक दुधाची ॲलर्जी असलेल्या चिमीसाठी, असं ठरलं होतं ना? आता छोटू म्हणतोय की ताई एकच करणार आहेत, तोही माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमच्या खेळातला आणि बिनदुधाचा. मला कुणी विचारलं का?

ताई: अगं, छोटूनेच काल फोन केला होता. मला वाटलं तुला माहीत आहे.

वहिनी: नाही ताई. माझ्या मुलाचा वाढदिवस आणि मला सगळ्यात शेवटी कळतंय. असो.

आत्या: माझा केकचा चौकोनी टिन कुणाकडे आहे? आठ इंची. एका कोपऱ्याला पोचा आहे.

मोठे काका: बिनदुधाचा म्हणजे मागच्या वेळसारखा का? त्या केकची आठवण माझी दाढ अजून काढते.

काकू: अहो, पुरे.

दादा: काका, मागच्या वेळचा विषय नको. कृपया.

ताई: असू दे रे. मागच्या वेळी चुकलंच होतं. अंड्याऐवजी जवसाची पूड पाण्यात भिजवून घातली आणि फुगायला काहीच घातलं नाही. जवस पीठ धरून ठेवतं, फुगवत नाही. अंडं दोन्ही करतं. म्हणून ते काढलं की त्याची दोन्ही कामं कोण करणार ते आधी ठरवावं लागतं.

मोठे काका: सोपं उत्तर आहे. अंडं घाला.

वहिनी: मी छोटू. आईच्या फोनवरून. केक माइनक्राफ्टमधलाच पाहिजे. तिथे तो असा होतो. वरच्या ओळीत दुधाच्या ३ बादल्या, मधल्या ओळीत साखर, अंडं, साखर, खालच्या ओळीत ३ गहू.

मोठे काका: बघा! ३ बादल्या दूध! खेळ बनवणाऱ्यांनाही कळतं. थोडं दूध घातलं तर काय बिघडतं?

वहिनी: छोटू. हो, आणि तिथे दूध प्यायलं की विष उतरतं.

मोठे काका: शाब्बास रे पठ्ठ्या 👏👏

वहिनी: छोटू. पण मोठे आजोबा, तिथे केक हातात धरून खाता येत नाही. आधी तो खाली ठेवावा लागतो. मग जो येईल तो त्यातूनच खातो. म्हणून एकच पाहिजे. दोन केले तर तो खेळातला केक नाही. चिमी बाजूला बसून डब्यातलं खाणार असेल तर मला केकच नको.

काकू: गुणाचं लेकरू.

वहिनी: 🚫 हा मेसेज डिलीट केला

दादा: काय लिहिलं होतंस?

वहिनी: काही नाही. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. बस.

आत्या: टिन कुणाकडे आहे ते सांगा. चौकोनी. गोल नाही. गोल माझ्याकडेच आहे.

मोठे काका: चिमीची गोष्ट वेगळी. पण थोडंसं दूध पोटात गेलं तर सवय नाही का होणार? आमच्या वेळी नव्हत्या या ॲलर्ज्या.

ताई: काका, हे मी किती वेळा सांगितलंय ते तुम्हाला माहीत आहे. तिला दूध पचत नाही असं नाही. दुधातल्या प्रथिनाला तिचं शरीर शत्रू समजतं. चमचाभर दुधानेसुद्धा तिचे ओठ सुजतात, श्वास लागतो. मागच्या वर्षी आम्ही रात्री दोनला तिला घेऊन धावलो होतो. घरी सवय लावून बघण्याची ही गोष्ट नाही.

मी: काका, यावर आता चर्चा नको.

मोठे काका: मी काळजीनेच म्हणत होतो. पण ताई, तू स्वतः का सोडलंस सगळं? तुला तर ॲलर्जी नाही. हे व्हेगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणं वगैरे, आत्ता आत्ता निघालेलं खूळ.

ताई: आत्ताचं नाही काका. तो शब्द १९४४ सालचा आहे. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी काढला, तिथली व्हेगन सोसायटीही तेव्हाचीच. मी सुरुवात चिमीमुळे केली, पुढे पटत गेलं. तुम्ही सोडा असं मी कधी म्हटलंय का?

मोठे काका: नाही म्हटलंस. खरं आहे.

दादा: मी काल बसून माप काढलं. खेळातला केक १४ ठिपके (पिक्सेल) रुंद आणि ८ ठिपके उंच असतो. म्हणजे आत्याच्या २० सेंमीच्या टिनात केला तर उंची साधारण साडेअकरा सेंमी हवी. एका थरात होणार नाही. तीन थर लागतील.

आत्या: माझ्या टिनात केला तर! टिन आहे कुठे?

वहिनी: छोटू. आणि त्याचे ७ घास होतात. प्रत्येक घासाला बरोबर २ ठिपके कमी होतात. केक आडवा कापायचा नाही, एका बाजूने संपवत जायचं.

मी: आपण १४ जण आहोत. ७ पट्ट्या कापून प्रत्येकीचे दोन तुकडे केले की झालं.

काकू: किती छान जुळलं!

ताई: आता कृती लिहिते, नीट वाचा. एका थराला दीड कप मैदा, १ कप साखर, १ छोटा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ. हे कोरडं चाळून घ्यायचं. दुसऱ्या भांड्यात १ कप सोया दूध आणि १ मोठा चमचा व्हिनेगर. पाच मिनिटांत ते ताकासारखं फाटतं, घाबरायचं नाही, तसंच हवं. त्यात ५ मोठे चमचे तेल आणि व्हॅनिला. मग दोन्ही एकत्र करायचं, गुठळ्या मोडण्यापुरतंच ढवळायचं. आंबट आणि सोडा भेटले की लगेच वायूचे बुडबुडे होतात, केक तेच फुगवतात. म्हणून पीठ कालवून ठेवायचं नाही, थेट गरम ओव्हनमध्ये. १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. टिन एकच असल्याने तिन्ही थरांचं पीठ तीन वेळा वेगवेगळं कालवायचं. एकदम कालवलं तर तिसऱ्या थरापर्यंत बुडबुडे संपतात आणि काकांची दाढ परत दुखते.

मोठे काका: 😄 अंड्याचं काय मग?

ताई: फुगवायचं काम सोडा आणि व्हिनेगर करतात. धरून ठेवायला मैदाच पुरतो, फक्त फार ढवळायचं नाही, नाहीतर चिवट होतो. दूध, अंडी, लोणी मिळेनासं झालं होतं त्या काळात अमेरिकेतल्या घरांत असेच केक व्हायचे. तिथे सोया दुधाऐवजी नुसतं पाणी असायचं.

काकू: वरचं पांढरं कशाचं? तू मागे काबुली चण्याच्या पाण्याचा फेस केला होतास ना?

ताई: हो काकू. चणे शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं, हे २०१४ मध्ये जोएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच गायकाने दाखवलं. दिसतो सुंदर, पण तो फेस काही तासांत बसतो. रविवारी नारळाच्या दुधाची साय घेऊ. डबा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा, वर जमलेला घट्ट भागच काढायचा, पिठीसाखर घालून घुसळायचा.

दादा: उकाड्यात वितळेल ना?

ताई: वितळेल. नारळाचं तेल २४ अंशांच्या आसपास पातळ होतं. म्हणून साय अगदी शेवटी लावायची. कडेने ओघळली तरी चालेल. खेळातल्या केकवरही पांढरं असं वेडंवाकडं खाली आलेलं असतं, खाली तपकिरी भाग उघडा दिसतो.

वहिनी: ताई, माझ्याकडे क्रीमचं पाकीट आहे. त्यावर मोठ्या अक्षरात नॉन-डेअरी लिहिलंय. ते चालेल का? आणि लाल रंगाची बाटलीही आहे.

ताई: दोन्हींचे घटक वाचून सांगशील? बारीक अक्षरातले.

वहिनी: क्रीममध्ये सोडियम केसिनेट लिहिलंय.

ताई: ते दुधातलंच प्रथिन. नॉन-डेअरी लिहिलेल्या पाकिटातही असतं. चिमीला अजिबात नको.

वहिनी: अरे देवा. मी मागच्या वेळी तिच्यासाठी म्हणून हेच आणून ठेवलं होतं. बरं झालं उघडलं नाही. रंगाच्या बाटलीवर ई १२० आहे.

ताई: ते कार्माइन. वाळवलेल्या किड्यांपासून करतात. त्यात दूध नाही, पण मग केक व्हेगन राहत नाही.

काकू: किडे?? 😳 आपण इतकी वर्षं हेच खात होतो?

मोठे काका: दूध नाही, अंडं नाही, आता रंगही नाही. केकवरचे लाल ठिपके कशाचे देणार मग?

वहिनी: छोटू. बीट!! खेळात बिटापासूनच लाल रंग बनतो!

ताई: छोट्या, तू आज मला जिंकलंस. बिटाचाच करू. फक्त तो तापवला की तपकिरी पडतो.

वहिनी: ते मी करते. अगार-अगार, म्हणजे समुद्री शेवाळापासूनची जेलीची पूड, आधी नुसत्या पाण्यात उकळून घेते, आच बंद करते, मग बिटाचा रस घालते. ताटात पातळ पसरून सेट झालं की चौकोन कापते. एक ठिपका किती सेंमी धरू?

दादा: २० भागिले १४. साधारण १.४.

ताई: अगं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी आधीच विचारायला हवं होतं.

वहिनी: हो, विचारायला हवं होतं. पण जाऊ दे, झालं. पट्टी घेऊन कापते, एकसारखे येतील. आणि ताई, केक आमच्याकडेच करा. माझी भांडी आधी मी स्वतः घासून ठेवते. लोण्याचा हात कुठेच लागायला नको.

आत्या: तिसऱ्यांदा विचारते, हो, तिसऱ्यांदा. की चौथ्यांदा? माझा चौकोनी टिन.

काकू: वन्सं, टिन आमच्याकडे आहे. ह्यांनी त्यात खिळे आणि स्क्रू ठेवलेत. मला आत्ता माळ्यावर दिसला.

आत्या: खिळे!! आणि मघापासून हा दुधाबद्दल बोलतोय!

मोठे काका: मला वाटलं तो जुना पत्र्याचा डबा आहे. माफ कर गं. गंज नाही लागलेला, बघितला. आज घासतो आणि आत बेकिंगचा कागदही मीच लावून देतो.

आत्या: तू नको घासूस, चरे पाडशील. तसाच पाठव.

ताई: मला परवा एक थर आधी करून बघायचाय. मेजवानीच्या दिवशी पहिला प्रयोग नको.

मोठे काका: मग टिन घेऊन मीच येतो. तो थर खाऊन कुणीतरी बघायला हवाच.

ताई: 🎤 आवाजी संदेश ०:०९

दादा: गाडीत आहे. कुणी लिहून सांगा.

मी: चिमी बोलतेय. विचारतेय, मी पहिला घास घेऊ का?

वहिनी: छोटू. नाही. पहिला माझा, वाढदिवस माझा आहे. दुसरा तुझा. पण डबा आणू नकोस.

आत्या: आणि टिन सोमवारी माझ्या घरी.