‘सरळ मुंबई गाठा’ म्हणणाऱ्यांना विचारायचंय

रानजाई
परवा एक पोस्ट फिरली. "मूल सीरियस झालं तर सरकारी दवाखान्यात वेळ घालवू नका, ते फक्त रेफर करतात. गाडी काढा आणि सरळ मुंबई गाठा." खाली नुसते अंगठे. मी कोकणात ग्रामीण रुग्णालयात १९ वर्षं नर्स आहे. वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

गेल्या पावसाळ्यात आठ महिन्यांचं बाळ आलं. घरच्यांनी मुंबईचाच रस्ता धरला होता. पोट जोरात उडायला लागलं तेव्हा घाबरून आमच्याकडे वळले. बाळ आईच्या मांडीवरच ठेवलं, झबलं वर केलं, घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजलं. ७२ श्वास. त्या वयाला ५० च्या पुढे गेले की न्यूमोनिया धरून चालायचं. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ काळसर, आणि प्रत्येक श्वासाला कण्हत होतं. ते कण्हणं ऐकलं की आम्ही पळतो. आधी ऑक्सिजन, मग रक्तातली शुगर तपासली, मग अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन, आणि मग १०८ ने पुढे पाठवलं. केसपेपर सगळ्यात शेवटी. मुंबई तिथून पाच तास. ऑक्सिजनशिवाय ते पाच तास त्या बाळाने कसे काढले असते?

दापोलीवाला
ती पोस्ट माझी आहे, ताई. तुमचं बाळ वाचलं. माझी मुलगी नाही वाचली.
२०१६. चार वर्षांची होती. ताप आणि झटके. रात्री अकराला तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. शिपाई म्हणाला, आधी केसपेपर काढा. डॉक्टर क्वार्टरवरून यायला चाळीस मिनिटं. तोवर पोर माझ्या हातात आकडत होती. झटका थांबवायचं औषध कपाटात होतं आणि कपाटाची चावी दिवसपाळीच्या सिस्टरबरोबर घरी गेली होती. मेंदूज्वर होता म्हणे, नंतर कळलं. आता मला घड्याळ धरून श्वास मोजायच्या गोष्टी सांगू नका.

रानजाई
दादा, चावीवर माझ्याकडे उत्तर नाही. पाच मिनिटांच्या वर चाललेला झटका औषधाने थांबवायचाच असतो, त्याला डॉक्टरची वाट बघत बसायचं नसतं. आमच्याकडे मिडाझोलमचा नाकातला स्प्रे ट्रेमध्ये असतो, कुलपात नाही. पण म्हणून झटका चालू असलेलं मूल गाडीत घालून घाट उतरा, असं लोकांना कसं सांगता?

घाटमाथा
ऑक्सिजन, स्प्रे राहू द्या. हे लोक साधं सलाइन लावत नाहीत. भाच्याला १०४ ताप, मलूल पडलेला. सरकारीतला डॉक्टर म्हणतो गरज नाही, पाणी पाजा. उचलून खासगीत नेला, दोन बाटल्या चढवल्या, संध्याकाळी पोरगा उठून बसला. हा माझ्या डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे.

बालवॉर्ड
मी बालरोगाचा निवासी डॉक्टर. "दोन बाटल्या" वाचून राहवलं नाही. ताप उतरला म्हणून भाचा उठून बसला, बाटल्यांमुळे नाही. युगांडा, केनिया आणि टांझानियात ३,१४१ आजारी मुलांवर फीस्ट नावाची चाचणी झाली, २०११ साली निकाल आले. ताप आणि शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण कोसळण्याची, लक्षणं असलेल्या मुलांना भराभर सलाइन दिलं त्यांच्यात ४८ तासांत शंभरातली साधारण साडेदहा दगावली. ज्यांना तसं दिलं नाही, त्यांच्यात सव्वासात. सलाइन हे औषध आहे. वजन करून, मिलीलिटर मोजून द्यायचं असतं.

घाटमाथा
आफ्रिकेतल्या मलेरियाच्या पोरांचं इथे काय? आमच्याकडे डेंगी आहे, जुलाब आहेत. त्यांनाही पाणीच पाजत बसणार का?

बालवॉर्ड
नाही. जुलाबाने सुकलेलं मूल वेगळं, त्या चाचणीत अशी मुलं घेतलीच नव्हती. डोळे आत, पोटाची चिमूट सोडली तर अगदी सावकाश खाली जाते, अशा वर्षावरच्या मुलाला किलोमागे १०० मिली तीन तासांत शिरेतून द्यावंच लागतं. डेंगीच्या शॉकलाही द्यावं लागतं, दर तासाला तपासत. एवढं तुमचं खरं. पण नुसत्या तापाला बाटली, हे नाही म्हणजे नाही.

भातखाचर
सलाइनवरून आठवलं. ८७ साली धाकटा भाऊ सहा वर्षांचा, भाताच्या उडवीजवळ लाल विंचू चावला. हातपाय बर्फ, घामाने सदरा भिजलेला, उलट्या. गावातल्या डॉक्टरने बाटलीवर बाटली लावली. पहाटे तोंडातून गुलाबी फेस आला. संपलं. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम कळलं. त्या विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं, त्यात वरून सलाइन ओतलं की मूल बुडतंच. त्यांनी प्राझोसिनची गोळी वापरली. रक्तदाबाची साधी गोळी. हे काम मुंबईत नाही, महाडात झालंय. आमच्या वाडीवरून आता विंचवाचं पोर जवळच्या दवाखान्यातच जातं.

घाटमाथा
म्हणजे गावातल्या डॉक्टरनेच मारला ना? मग माझं काय चुकलं? तुम्ही सगळे एकमेकांना सांभाळून घेता. म्हणून लोक दवाखाने फोडतात.

बालवॉर्ड
फोडण्याचं समर्थन इथे करू नका. माझ्या ज्युनिअरच्या कपाळाला सात टाके पडलेत, ज्या मुलासाठी तो चार तास अंबू (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत होता त्याच्याच काकाकडून. तुम्ही रांगेतल्या खोकल्याच्या पोरासाठी भांडता आणि आतमध्ये निळं पडलेलं मूल असतं. रांग मोडून त्याला आधी घेतलं की तुम्हाला वशिला दिसतो.

घाटमाथा
मारहाणीचं समर्थन नाही करत. ते वाक्य मागे घेतो. पण आत कोण आहे हे बाहेर येऊन कुणी सांगत का नाही? आम्ही तीन तास भिंतीकडे बघत बसतो.

बालवॉर्ड
ते खरंय. सांगायला माणूस नसतो.

भातखाचर
दापोलीवाले, तुमच्या दुःखाशी वाद नाही. पण गेल्या मे महिन्यात शेजारच्यांनी तुमच्यासारखंच ऐकून पोराला जीपमध्ये घातलं आणि चार तासांनी परत आणलं. वाटेत दोन सरकारी दवाखाने लागले होते. एकातही शिरले नाहीत.

दापोलीवाला
रात्रभर विचार केला. "सरळ मुंबई गाठा" काढतो. त्या जागी लिहितो, निघतानाच फोन करून विचारा, डॉक्टर हजर आहे का, ऑक्सिजन आहे का. असेल तर आधी तिथे, नंतर पुढे. पण "ते फक्त रेफर करतात" हे मी काढणार नाही. माझ्यापुरतं ते खरं आहे.

रानजाई
नका काढू. आणि फोन कराल तेव्हा विचारायच्या यादीत चावीही घाला.