मदत हवी आहे: बाबांचं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर मॅचमध्ये चालेल का? काडतूस कोणतं घ्यावं?

संत्राबाग_वरुड

राम राम मंडळी,

मी वरुड तालुक्यातला शेतकरी. सात एकर संत्रा, बाकी पऱ्हाटी आणि तूर. बरेच महिने इथलं नुसतं वाचून राहिलो, लिहितो आहे पहिल्यांदाच. जे स्वतः मॅच खेळले आहेत किंवा नेमाने रेंजवर जातात त्यांनी वेळ काढून सांगावं, ही विनंती.

बाबांकडे स्वसंरक्षणाच्या परवान्यावर कानपूरच्या सरकारी फॅक्टरीचं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर होतं. सहा गोळ्यांचं, मधून मोडणारं. वरची खिट्टी दाबली की नळी खाली झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. परवाना माझ्या नावावर व्हायला दीड वर्ष लागलं, तोवर ते ठाण्यात जमा होतं. आई म्हणते विकून टाक, घरात नको. मला ते विकायचं नाही, पण कपाटात गंजत ठेवायचंही नाही. बाबांनी ते आयुष्यात एकदाही कोणावर रोखलं नाही. दर दिवाळीत पुसायचे, तेल द्यायचे, ठेवून द्यायचे. त्या वस्तूचं काही चांगलं व्हावं असं मनापासून वाटते.

आता हे डोक्यात आलं कसं ते सांगतो. माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो, तिथे तो प्रॅक्टिकल शूटिंगच्या मॅच खेळतो, त्याही फक्त रिव्हॉल्व्हरच्या. त्याने व्हिडिओ पाठवले. टायमर वाजला की माणूस पळतो, दाराआडून एक कागदी टार्गेट, मग लोखंडी प्लेटा, आठ गोळ्या संपल्या की गोळ्यांची फिरती चक्री उघडून झटक्यात दुसऱ्या आठ भरतो आणि पुन्हा चालू. गुण भागिले वेळ असा हिशोब. नेम चांगला पण हळू, तरी मागे. वेगात आहे पण गोळ्या कडेला, तरी मागे. मी तो एक व्हिडिओ वीसेक वेळा पाहिला असेल. कॉलेजात एनसीसीत पॉइंट २२ ची रायफल चालवली होती, तेव्हा ग्रुप चांगला यायचा. ती ओढ परत जागी झाली.

म्हणून नागपूरच्या एका रेंजवर सभासद झालो. गाडीने दोन-अडीच तास. दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला बाबांच्या वेळची २४ काडतुसं नेली होती, त्यातली ५ उडाली नाहीत. घोडा पडला, टिक आवाज आला, बस. रेंज ऑफिसरने थांबवून ठेवलं, मग काढून पाहिलं तर प्राइमरवर, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, खळगा होता, पण उथळ. दुसऱ्या दिवशी घरी काडतुसं उजेडात नीट पाहिली. बाबा ती चामड्याच्या पट्ट्यात अडकवून ठेवत. जिथे चामडं लागत होतं तिथे पितळेवर बरोबर बोटभर रुंद हिरवट पट्टा चढला आहे. नखाने खरवडलं तर हिरवी भुकटी निघते आणि खाली पितळ खडबडीत लागते.

तर माझी अडचण अशी. गोळी न उडणं हा काडतुसांचा दोष की रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग थकली? हिरवी पुसून वापरली तर चालतील का? नवीन घ्यायची तर कोणती, कारण कोणी वॅडकटर घे म्हणते, कोणी साधी गोल तोंडाची. आणि मुख्य म्हणजे, या रिव्हॉल्व्हरवर मला आतेभावासारख्या मॅचची तयारी करता येईल का? तो म्हणतो 'पॉवर फॅक्टर बसणार नाही', पण फोनवर नीट समजलं नाही.

अजून एक. वावरात विहिरीजवळ मातीचा मोठा ढीग आहे. रोज दहा मिनिटं तिथे सराव केला तर काय हरकत, असं गावातले म्हणतात. मला ते बरोबर वाटत नाही, पण रोज नागपूर करणंही जमत नाही.

निवृत्त_हवालदार

भाऊ, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. वावरात एकही गोळी झाडू नका. तुमचा परवाना स्वसंरक्षणाचा आहे, मातीचा ढीग म्हणजे रेंज नव्हे. दगडावरून गोळी घसरली की धुऱ्यापलीकडे कोण निंदत बसलं आहे ते तुम्हाला दिसणार नाही. परवाना जाईल ती गोष्ट त्यानंतरची.

हिरवी काडतुसं पुसून वापरू नका. चामडं कमावताना जी द्रव्यं लागतात त्यांनी पितळ खाल्लं जाते, पावसाळ्यातली ओल त्यात भर घालते. वरचं हिरवं निघालं तरी पितळ कमजोर झालेलं असते, आतल्या दारूचा आणि प्राइमरचा भरवसा नसतो. ती विहिरीत टाकू नका, कोणाला देऊ नका. परवान्यावर त्यांची नोंद आहे, म्हणून लेखी अर्ज करून ठाण्यात विचारा आणि ते सांगतील तसं करा. पोच घ्या. नवीन काडतुसं चामड्यात ठेवू नका. दुकानातून येतात त्याच खोक्यात, कोरड्या डब्यात. तेलाच्या हाताने धरू नका, तेल प्राइमरच्या कडेने आत जाते.

टिक आवाज आला की काय करायचं ते रेंज ऑफिसरने दाखवलं, पण कारण सांगतो. कधी कधी प्राइमर उशिरा पेट घेतो. तुम्ही घाईने पुन्हा चाप ओढला तर चक्री फिरते आणि ती गोळी नळीसमोरून सरकते. मग ती उडाली तर नळीत जाणार नाही, चक्रीतच फुटेल. म्हणून नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबायचं, मग उघडायचं. आणि एखादी गोळी नेहमीपेक्षा दबक्या आवाजात गेली, हाताला धक्का कमी लागला, तर लगेच थांबा. दारू कमी पडून गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची झाडली तर नळी फुगते नाहीतर फाटते. खाली करून, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता तुमच्या मनातली गोष्ट. ३२ बोअर म्हणजे ३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचं काडतूस. लोक त्याला जुनाट म्हणतात, पण २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात जगभर हेच चालते. आपला नेमबाज जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये सेंटर फायरचं सुवर्ण घेतलं, २००६ ला दोह्यात ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. ६०० पैकी ५९०. तुमच्या हातात ज्या जातीचं काडतूस आहे त्याची ही ताकद आहे.

यात ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० अचूकतेच्या, पाच-पाचच्या सहा फेऱ्या, प्रत्येकीला ५ मिनिटं. नंतरच्या ३० मध्ये टार्गेट ३ सेकंद समोर येते आणि ७ सेकंद फिरून जाते. एका वेळी एकच गोळी, आणि सगळं एका हाताने. त्या ७ सेकंदांत रिव्हॉल्व्हरवाल्याने अंगठ्याने घोडा चढवून हात खाली ४५ अंशांवर आणायचा. याला शांत मन लागते.

नियमांत कॅलिबर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर, नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, चापाचं वजन किमान १००० ग्रॅम. गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी. म्हणून काडतूस घेताना टोक पाहा. करडं शिसं दिसलं तर ठीक, तांब्याच्या रंगाचं कवच असेल तर मॅचला नको. वॅडकटर म्हणजे सपाट तोंडाची, पितळेच्या काठाशी जवळपास बरोबरीत बसवलेली गोळी. कागदात पंचिंग मशीनने पाडावं तसं गोल भोक पडते, रेषेला लागलं की नाही यावर वाद होत नाही. लापुआ, फियोची अशा कंपन्यांची चांगली असतात, पण ती बाहेरून येतात आणि सहज मिळत नाहीत. सरावाला साधी, पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी फॅक्टरीची ताजी काडतुसं घ्या. एकाच लॉटची घ्या, खोक्यावरचा नंबर वहीत लिहा.

खरं सांगायचं तर तुमची नळी आखूड आणि साइट (नेम धरायची खूण) पक्की आहे, म्हणजे वरखाली करता येत नाही. त्यावर हात तयार होईल, मोठा स्कोअर येणार नाही. क्लबचं ३२ चं स्पोर्ट पिस्तूल मागून पाहा.

दूरदेशी_विदर्भकर

मी मूळचा यवतमाळकडचा, अमेरिकेत राहतो आणि सहा वर्षांपासून रिव्हॉल्व्हर डिव्हिजन खेळतो. पॉवर फॅक्टरचं मी सांगतो, कारण सुरुवातीला मलाही ते कळलं नव्हतं.

गोळीचं वजन ग्रेन या छोट्या एककात, वेग सेकंदाला फुटांमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. तुमच्या काडतुसात साधारण ९८ ग्रेनची गोळी ७०० च्या आसपास वेगाने जाते. म्हणजे ६९ किंवा ७०. रिव्हॉल्व्हरवाल्यांची जी आयकोअर संघटना आहे तिला किमान १२० लागतात. ९८ ग्रेनने १२० गाठायला वेग १२२५ हवा. तुमच्या मधून मोडणाऱ्या चौकटीला तो दाब झेपणार नाही, प्रयत्नही करू नका. आतेभाऊ बरोबर सांगत होता.

तेच ३८ स्पेशल या मोठ्या काडतुसात १५८ ग्रेनची गोळी ७६० ने गेली की १२० होतात. ४५ एसीपी या आणखी जड काडतुसाची २३० ग्रेनची गोळी ७४० ने गेली तर १७०. आम्ही बहुतेक जण जड गोळी हळू चालवतो. पॉवर फॅक्टर तोच राहतो, पण धक्का चावल्यासारखा न येता ढकलल्यासारखा येतो. भारतात ३८ आणि ९ एमएम साध्या परवान्यावर मिळत नाहीत, त्यामुळे तो रस्ता सध्या सोडा.

आठ गोळ्यांची भानगड अशी की त्या पत्र्याच्या चकतीत अडकवलेल्या असतात, तिला मून क्लिप म्हणतात. चकतीसकट टाकायच्या, चकतीसकट काढायच्या. चकती जराशी वाकली तरी चक्री अडते, म्हणून मी मॅचच्या आदल्या रात्री प्रत्येक चकती रिव्हॉल्व्हरमध्ये घालून फिरवून पाहतो. प्राइमर केसभरही वर राहिला असेल तर तेव्हाच कळते. आणि इथे आम्ही गोल तोंडाचीच गोळी घेतो. घाईत सपाट तोंड भोकाच्या काठावर अडते, गोल आपोआप घरंगळून आत जाते. काकांनी वॅडकटर सांगितली ती कागदासाठी, गोल आहे ती भरण्याच्या वेगासाठी. दोघंही खरं बोलले असतील, खेळ वेगळे आहेत.

न उडणाऱ्या गोळ्यांबद्दल: ताजी काडतुसं घालून तपासा. तीही अडली तर स्प्रिंगचा दोष. आमच्याकडे लोक चाप हलका व्हावा म्हणून मुद्दाम स्प्रिंग मऊ करतात आणि मग मऊ प्राइमर शोधत फिरतात. तुम्ही तो मोह धरू नका.

घरी करण्यासारखं एक आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, रिव्हॉल्व्हर दोनदा उघडून रिकामं पाहिलेलं, आत डमी काडतुसं, समोर भक्कम भिंत. मग चाप एका ओघात मागे ओढायचा, फ्रंट साइट हलता कामा नये. रोज वीस वेळा. आम्ही मॅचमध्ये अंगठ्याने घोडा चढवतच नाही, सगळं लांब ओढीवर. ती ओढ ज्याला आली त्याला सेंटर फायरचा छोटा चाप सोपा जातो. पुंगळ्या काढताना एक जपा: अर्धवट उघडलं की एखादी पुंगळी चांदणीखाली, म्हणजे पुंगळ्या उचलणाऱ्या दात्यांखाली, सरकते आणि तिथेच रुतते. उघडायचं ते पूर्ण, एका झटक्यात.

संत्राबाग_वरुड

काका, दादा, तुमचे उपकार कसे फेडू. दोन्ही उत्तरं वहीत उतरवून घेतली.

शनिवारी जाऊन आलो. हिरवी काडतुसं अर्ज देऊन ठाण्यात जमा केली, पोच फाइलला लावली. नवीन एकाच लॉटची ३० घेतली होती. २८ उडाली, २ अडल्या, दोन्ही वेळा ३० सेकंद मोजले. त्या दोन्हींच्या प्राइमरवर तोच उथळ खळगा. म्हणजे काडतुसांचा दोष होताच, पण स्प्रिंगही थकली आहे.

टेकू देऊन २५ मीटरवर पाच गोळ्या झाडल्या तेव्हा चार तळहाताएवढ्या जागेत आल्या, पण केंद्राच्या वीतभर खाली. रेंज ऑफिसर म्हणाले साइट पक्की आहे तर गोळीच्या वजनाने फरक पडतो. जड आणि हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात धक्क्याने नळी उचलली जाते, म्हणून ती वर लागते. हे मला फार आवडलं. कागदावरचं भोक पाहून गोळीचं वजन ठरवायचं!

क्लबचं पिस्तूलही एका हाताने चालवलं. पहिल्या पाचात ३१, शेवटच्या पाचात ३८. हात कापत होता, पण तिसऱ्या फेरीपासून श्वास जागेवर आला. सेंटर फायरच करणार, हे ठरलं. बाबांचं रिव्हॉल्व्हर ओढीच्या सरावाला राहील आणि महिन्यातून एकदा त्याच्या सहा गोळ्या झाडीन.

एवढंच विचारायचं राहिलं. क्लबचा परवानाधारक आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणतो की मुख्य स्प्रिंग फॅक्टरीचीच लावू, बाजारातली नको. मलाही तेच पटते. कोणी या मॉडेलची स्प्रिंग बदलून घेतली असेल तर किती दिवस लागले आणि तेवढ्या काळासाठी परवान्यावर काही नोंद करावी लागली का, ते सांगा. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की मला दोन महिने वावर सोडता येणार नाही, त्याआधी हे काम उरकायचं आहे.