भावाचं बोट पॉवर प्रेसमध्ये गेलं, मदत हवी आहे

नमस्कार. धाकटा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता. ऑगस्ट 2025 मध्ये पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणारं मशीन) त्याची उजवी तर्जनी मुळापासून गेली. सेन्सर बंद होता, सुपरवायझरला माहीत होतं! ठेकेदार म्हणतो चूक भावाचीच, कंपनी म्हणते तो आमचा माणूसच नाही. पण अपघात झाला तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याच्या कलम 12 नुसार मूळ मालकही (म्हणजे कंपनी) जबाबदार ना? त्यात अख्खी तर्जनी गेली तर कमाईच्या क्षमतेचं 14 टक्के नुकसान धरतात, दाव्याची मुदत 2 वर्षं, एवढं वाचलंय.

खरी अडचण पुराव्याची. पगार रोख मिळायचा, हजेरी कार्ड ठेकेदाराने काढून घेतलं, ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) नंबर कधी दिलाच नाही. हातात फक्त दवाखान्याचे कागद. तो तिथेच राबत होता हे कशाने सिद्ध करायचं? आधी ईएसआय कार्यालयात जावं की थेट कामगार न्यायालयात? अजून रात्री दचकून उठतो हो तो. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.