मदत हवी आहे: बंद सभागृहातल्या कार्यक्रमात गोवराचा संपर्क, ७ महिन्यांच्या बाळाचं काय करायचं?

पाऊलवाट (सोमवार, रात्री ९:१०)

शनिवारी संध्याकाळी एका मोठ्या कार्यक्रमाला गेलो होतो. बंद, वातानुकूलित सभागृह, तीन-चारशे माणसं. आज आयोजकांचा निरोप आला की तिथे आलेल्या एका मुलाच्या अंगावर सकाळी पुरळ उठलंय. चार दिवसांपासून ताप, खोकला आणि लाल डोळे होतेच, डॉक्टरांना गोवराची दाट शंका आहे. अहवाल यायचाय.

ते मूल साडेसातला निघून गेलं. आम्ही आठच्या सुमारास पोहोचलो, म्हणजे गाठ पडलीच नाही.

सोबत होते: धाकटी ७ महिन्यांची, गोवराची लस अजून नाही. थोरला अडीच वर्षांचा, एक डोस झालाय, दुसरा राहिलाय. जाऊबाई पाचव्या महिन्यात, त्यांचं लहानपणचं लसीकरण कार्ड सापडत नाही. मी आणि नवरा, दोघांच्या दोन डोसची नोंद आहे.

१. हा संपर्क धरायचा का?
२. आता उशीर झालाय का?
३. बाळाला ताप आला तरच डॉक्टरकडे न्यायचं, असं घरच्यांचं म्हणणं आहे. थांबू का?

शीतसाखळी (रात्री ९:३२)

तिसऱ्याचं उत्तर आधी: थांबू नका. ताप येईपर्यंत थांबलात तर लसीची वेळ हातची गेलेली असेल. संपर्कानंतर साधारण १० दिवसांनी ताप येतो आणि १४ दिवसांच्या आसपास पुरळ. लसीने आजार अडवायचा तर ती पहिल्या संपर्कापासून ७२ तासांत टोचावी लागते. तुमचे ७२ तास उद्या, मंगळवारी रात्री ८ ला संपतात.

गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ते उठल्यावर ४ दिवसांपर्यंत आजार पसरवतो. पुरळ सोमवारी, कार्यक्रम शनिवारी. तेव्हा ते मूल पसरवण्याच्या ऐन भरात होतं.

बाळ: ६ महिने पूर्ण आहेत, त्यामुळे लस देता येते. गोवर-रुबेला किंवा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला अशी तिन्हींची), जी मिळेल ती, ०.५ मिली त्वचेखाली. हा जादा डोस, वेळापत्रकात धरत नाहीत. कार्डावर तो वेगळा लिहून घ्या, नाहीतर पुढे कुणीतरी 'एक झालाय' समजून खरा पहिला डोस गाळतं. नेहमीचे दोन्ही डोस आपापल्या वयात द्यायचेच, मात्र आधीच्या डोसपासून किमान ४ आठवडे गेलेले हवेत.

थोरला: पहिल्या डोसला ४ आठवडे कधीच उलटून गेले असणार, तेव्हा दुसरा उद्याच उरका. पहिला डोस ९ महिन्यांचं असताना दिला असेल तर साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं, वर्षानंतर दिला तर ९३ च्या आसपास, आणि दोन डोसांनी ९७. दुसरा डोस म्हणजे 'बूस्टर' नव्हे. पहिला ज्यांना लागू पडला नाही त्यांच्यासाठीच तो असतो.

जाऊबाई: गरोदरपणात ही जिवंत (कमजोर केलेल्या विषाणूची) लस देत नाहीत. उद्या सकाळी गोवराची आयजीजी तपासणी (रक्तात आधीपासूनच्या संरक्षक अँटिबॉडी आहेत का ते बघणारी), आणि अहवाल तातडीने मागायचा. अँटिबॉडी असतील तर विषय संपला. नसतील तर इम्युनोग्लोब्युलिन (दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटिबॉडी), त्याची मुदत ६ दिवस, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ.

त्या मुलाच्या अहवालासाठी लस अडवू नका. गोवर नाहीच असं निघालं तरी बाळाचं नुकसान काही नाही, एक डोस जास्त झाला इतकंच. इम्युनोग्लोब्युलिनचा निर्णय मात्र अहवालासाठी दोन दिवस थांबू शकतो. या दोन घड्याळांची गल्लत फार होते.

दुसरामजला (रात्री ९:५०)

'गाठ पडलीच नाही' हा मुद्दा गोवरात चालत नाही. रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू बंद जागेच्या हवेत २ तासांपर्यंत टिकतो. ते मूल साडेसातला गेलं, तुम्ही आठला आलात. मध्ये अर्धाच तास. संपर्क धरायचा.

सर्दी-खोकल्याचे मोठे तुषार थोड्या अंतरावर खाली पडतात. गोवराचे कण त्याहून बारीक, हवेबरोबर हिंडणारे. १९९१ साली मिनिआपोलिसच्या छताच्या स्टेडियममध्ये स्पेशल ऑलिंपिक्सचा उद्घाटन सोहळा झाला. गोवराचा रुग्ण खेळाडूंमध्ये, खाली मैदानात. पुढे ज्यांना आजार झाला त्यांतले दोघे प्रेक्षक वरच्या मजल्यावर, खेळाडूंच्या प्रवेशद्वारापासून ३० मीटरहून लांब बसलेले होते. तीच ती हवा फिरवत राहणारी वातानुकूलन यंत्रणा असली की 'आम्ही मागच्या रांगेत होतो' याला अर्थ उरत नाही.

लस न घेतलेल्या १० जणांचा निकटचा संपर्क आला तर त्यांतल्या ९ जणांना गोवर होतो. म्हणूनच तो रोखायला वस्तीत ९५ टक्के लसीकरण लागतं. बरं, शहराची सरासरी ९५ असून भागत नाही. कार्यक्रमाला येतात ती एकमेकांच्या ओळखीची, बऱ्याचदा एकसारखा विचार करणारी कुटुंबं. त्यांनी मिळून लस टाळलेली असेल तर त्या सभागृहातला आकडा ७० सुद्धा असू शकतो.

आयोजकांना सांगा, पाहुण्यांच्या यादीतल्या सगळ्यांना आजच कळवा. त्या मुलाचं नाव नको. जागा, वार आणि वेळ पुरे. आणि वेळ लिहिताना साडेसात नाही, साडेनऊपर्यंतची लिहा.

पाऊलवाट (रात्री १०:०५)

धन्यवाद. बाळाला थोडी सर्दी आहे, लस चालेल? आणि दवाखान्यात आमच्यामुळे इतरांना धोका?

शीतसाखळी (रात्री १०:२०)

साधी सर्दी, बारीक ताप, अंड्याची अ‍ॅलर्जी, चालू अँटिबायोटिक, यांतल्या कशानेही ही लस अडत नाही. अडवतं ते असं: प्रतिकारशक्ती खूप खालावलेली असणं (कर्करोगाचे उपचार, जास्त मात्रेतली स्टिरॉइडं), किंवा आधीच्या डोसला, निओमायसिनला, जिलेटिनला आलेली जीवघेणी अ‍ॅलर्जी. अलीकडे रक्त चढवलं असेल तर डॉक्टरांना सांगा. ४ आठवड्यांच्या आत कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस टोचली असेल तर तेही.

उद्या तुमच्यापासून कुणाला धोका नाही. संपर्क झालेला माणूस संसर्गजन्य होण्याची शक्यता पाचव्या दिवसापासून धरतात.

फोन करूनच जा. गोवर-रुबेलाची कुपी बहुधा ५ किंवा १० डोसांची असते, आणि एका बाळासाठी ती फोडायला काही ठिकाणी कां-कूं करतात. संपर्क झालाय आणि रात्री ८ ला मुदत संपतेय हे फोनवरच सांगा. लस पावडरीच्या रूपात येते, ती तिच्याच कंपनीच्या द्रावणात कालवतात आणि कालवल्यापासून ६ तासांत वापरतात, तीही थंड आणि उजेडापासून झाकून. कुपीवर कालवल्याची वेळ लिहिलेली असते, बघायला संकोच करू नका. सकाळी फोडून टेबलावर उघडी राहिलेली कुपी दुपारी चार वाजता टोचली तर कार्डावर तारीख पडते, शरीरात काही होत नाही.

पाऊलवाट (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

दोघांनाही दुपारी लस मिळाली. जाऊबाईंची आयजीजी निगेटिव्ह, आणि त्या मुलाचा गोवर पक्का झालाय. त्यांना उद्या दाखल करून शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणार आहेत. किती देतात? आणि घरात किती दिवस थांबायचं?

खबरदारी म्हणून मुलांना व्हिटॅमिन ए सुरू करावं का?

शीतसाखळी (संध्याकाळी ८:०५)

वजनाच्या दर किलोला ४०० मिलिग्रॅम. ६० किलो वजन असेल तर २४ ग्रॅम. थेंबाथेंबाने सोडतात, काही तास जातात. डोकेदुखी, थंडी वाजणं होऊ शकतं, तसं झालं की वेग कमी करायला सांगायचं. या उसन्या अँटिबॉडी काही महिन्यांत विरतात, म्हणून बाळंतपणानंतर लस हवीच. पण इम्युनोग्लोब्युलिनपासून ८ महिने जाऊ द्यायचे. त्याआधी टोचली तर याच अँटिबॉडी लसीतला विषाणू मारतात आणि डोस फुकट जातो.

त्यांच्यावर नजर २८ दिवस, कारण इम्युनोग्लोब्युलिनने आजार लांबून उशिरा दिसू शकतो. मुलांवर २१ दिवस. ७२ तासांत लस मिळालेल्या मुलांना अनेक ठिकाणी पाळणाघरात परत घेतात. तुमच्याकडचा नियम स्थानिक आरोग्य खात्याला विचारा. माझं मत विचाराल तर बाळाला २१ दिवस गर्दीत नेऊ नका. ७ महिन्यांच्या बाळात आईच्या उरल्यासुरल्या अँटिबॉडींमुळे डोस नेहमी पूर्ण लागू पडतोच असं नाही.

व्हिटॅमिन ए आत्ता नको. त्याने गोवर टळत नाही, आणि जास्त झालं तर ते विषारी आहे. गोवर झालाच तर डॉक्टर लागोपाठ दोन दिवस देतात: ६ महिन्यांखाली ५० हजार युनिट, ६ ते ११ महिने १ लाख, वर्षावरच्यांना २ लाख. तो उपचार आहे. डोळे आणि जीव वाचवायला मदत करतो, लसीची जागा घेत नाही.

दुसरामजला (रात्री ८:४०)

लक्षणं दिसलीच तर त्यांचा क्रम: आधी चढता ताप, खोकला, वाहतं नाक, लाल पाणावलेले डोळे. मग गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, लाल त्वचेवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. पुरळ त्यानंतर, केसांच्या कडेला आणि कानामागे सुरू होऊन खाली उतरतं. यांतलं काही दिसलं की आधी फोन, मग दवाखाना, आणि प्रतीक्षाकक्षात बसायचं नाही.

पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. अंगावरचं दूध चालू ठेवा. थेट रुग्णालय गाठायचं ते कधी: बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, थोरल्याचा ४० किंवा जास्त (मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजून), पिणं बंद, झटके, गुंगी, बुबुळावर पांढुरकेपणा. गोवरात मुलं दगावतात ती बहुतेक न्यूमोनियाने.

पाऊलवाट (रात्री ९:०२)

शेवटचं. लसीनेही ताप आणि पुरळ येतं ना? मग आठवड्याभराने बाळाला ताप आला तर कसं ओळखायचं?

शीतसाखळी (रात्री ९:१५)

नुसतं बघून नाही ओळखता येत. लसीचा ताप ७ ते १२ दिवसांनी येतो, तुमच्या बाबतीत नेमका त्याच सुमाराला खरा गोवरही येईल. रक्ताची आयजीएम (ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी) इथे उपयोगाची नाही, ती लसीनेही पॉझिटिव्ह येते. पुरळ आल्यापासून ३ दिवसांत घशातला नमुना पीसीआरला (खुद्द विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला) द्यायचा आणि विषाणूचा प्रकारही तपासायला सांगायचं. लसीतला विषाणू 'ए' जनुकीय प्रकारचा असतो, साथीतला वेगळा निघतो. नमुन्याच्या फॉर्मवर लस दिल्याची तारीख ठळक लिहा, नाहीतर प्रयोगशाळा प्रकार न बघताच 'पॉझिटिव्ह' लिहून पाठवते. उत्तर येईपर्यंत तो खरा गोवर समजून बाळाला घरातच वेगळं ठेवा, आणि जाऊबाईंपासून लांब.