खरेदीखतावर सही झाल्यावर तोंडी शब्दाला किंमत असावी का?

कोरडवाहू :
माझं मत आधीच सांगतो: नसावी. तीन वर्षांपूर्वी गावात ३० गुंठे घेतले. रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, जास्त भाव दिला, सगळा बँकेतून. दुय्यम निबंधकांसमोर अंगठे, फोटो, साक्षीदार झाले, फेरफार होऊन सातबारा माझ्या नावावर आला. आता विकणाऱ्याचा मुलगा म्हणतो, "काका, पैसे परत केले की जमीन फिरवून देतो असा शब्द तुम्ही बाबांना दिला होता." मी असलं काही बोललेलो नाही. पण तो पारावर बसून सगळ्यांना सांगत सुटलाय. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ९२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ९५, स्वच्छ सांगतं की लेखी दस्ताच्या अटी तोंडी पुराव्याने बदलता येत नाहीत. मग विषय संपला ना? नाहीतर मुद्रांक शुल्क भरून नोंदणी करायचीच कशाला?

मामाचा_भाचा :
तुमचं तुमच्यापुरतं खरं असेल. आमच्या मामाचं ऐका. मुलीच्या लग्नाला ३ लाख हवे होते. देणाऱ्याने चिठ्ठीचपाटी केली नाही, सरळ खरेदीखत करून घेतलं. दीड एकर बागायत, विहिरीसकट, ३ लाखांत! कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर मामाला पढवलं: "साहेबांनी विचारलं की म्हणायचं, पैसे पोचले, राजीखुशीने देतोय." मामा तसंच म्हणाला. पुढे चार वर्षं जमीन मामाच कसत होता, ऊस त्याच्याच नावाने कारखान्याला जात होता आणि महिन्याला ९ हजार व्याज भरत होता. जमीन विकणाऱ्याकडून व्याज घेणारा खरेदीदार तुम्ही कुठे पाहिलाय?

कोरडवाहू :
वाईट झालं. पण साहेबांसमोर खोटं कोण बोललं? मामाच. उद्या उठून प्रत्येक जण म्हणेल, मला पढवलं होतं.

काळा_कोट :
कोरडवाहू, कलम तुम्ही अर्धंच वाचलंत. खाली परंतुकं, म्हणजे अपवाद, आहेत. फसवणूक, धाकदपटशा, चूक, बेकायदेशीरपणा यांचा तोंडी पुरावा देता येतो. दस्त ज्याबद्दल गप्प आहे त्याबद्दलचा वेगळा तोंडी करारही सांगता येतो, मात्र तो दस्तातल्या अटींच्या विरुद्ध जाता कामा नये. उलट, दस्त नोंदणीकृत असेल तर तो नंतर तोंडी बदलला, हे म्हणायची सोय नाही.

खरी गोम वेगळीच आहे. गंगाबाई विरुद्ध छबूबाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये फरक करून ठेवलाय. 'दस्तातली अट अशी नव्हती, तशी होती' हे तोंडी चालत नाही. पण 'हा दस्त नावापुरता होता, तो अमलात आणायचं ठरलंच नव्हतं, खरा व्यवहार कर्जाचा' हे सांगायला ९२ आड येत नाही. अर्थात सांगणं वेगळं आणि शाबीत करणं वेगळं. कोर्ट बघतं काय? किंमत, ताबा, व्यवहारानंतर दोघं वागले कसे. मामाच्या बाजूने तिन्ही दिसतात.

बांधावरचा :
ह्या वाटेनेच खोट्या केसेस घुसतात. शर्तीच्या खरेदीला, म्हणजे पैसे फेडले की जमीन परत या बोलीवरच्या विक्रीला, गहाण ठरवायचं तर परत देण्याची अट त्याच दस्तात हवी, असं मालमत्ता हस्तांतरण कायदा १९२९ पासून सांगतोय. शंभर वर्षं होत आली. एक ओळ लिहून घ्यायला काय होतं?

मामाचा_भाचा :
लिहून देतो कोण? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मी म्हणेन, असली तरी चालवायची सोय नसते. त्यांची अट एकच होती, हवं तर सही कर, नाहीतर जा.

आम्ही दिवाणी कोर्टात गेलोच नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला. १५ वर्षांच्या आतला व्यवहार लागतो, तो होता. ऊसबिलं जोडली, व्याजाचे बँकेतले हप्ते जोडले. पण वजन पडलं ते इंडेक्स टूचं, म्हणजे नोंदणी कचेरीतल्या दस्तांच्या सूचीच्या उताऱ्याचं. त्या माणसाच्या नावावर आजूबाजूच्या तीन गावांत आणखी सहा खरेदीखतं निघाली, सगळी अशीच पडत्या भावाची. आदेश आमच्या बाजूने लागलाय, समोरचा अपिलात गेलाय.

काळा_कोट :
ते सहा दस्त नसते तर अवघड होतं. एकदा कुणाला पैसे दिले म्हणजे तो सावकार होत नाही, धंदा दिसावा लागतो. तसं नसेल तर दिवाणी दावा, आणि दस्त रद्द करून मागायचा तर खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांत. लोक मात्र 'आज देतो, उद्या देतो' ऐकत पाच-पाच वर्षं काढतात.

कोरडवाहू :
म्हणजे मी सुटलो. भाव पूर्ण दिलाय, व्याज घेतलेलं नाही, सातबारा माझा. मामांसाठी कायद्यात दार ठेवलंय हे ठीक, पण ते अरुंदच असावं.

काळा_कोट :
जमीन तुम्हीच कसता ना?

कोरडवाहू :
मी पुण्यात असतो. त्यालाच दिलीय, अर्ध्या वाट्याने.

काळा_कोट :
त्याला म्हणजे विकणाऱ्याला? वाट्याचा कागद केलाय?

कोरडवाहू :
नाही. तोंडीच ठरलंय.