मदत हवी आहे : बंधाऱ्याचं पाणी तासांवर वाटायचं की घनमीटरवर?

कोल्हापूर पद्धतीचा (को. प.) बंधारा, काठावर २२ मोटारी, पिकं ऊस आणि भाजीपाला. बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) ऑक्टोबरमध्ये घालतो, पाणी मार्चअखेर तळाला जातं. ७.५ एचपीपर्यंत वीजबिल माफ, म्हणजे आणखी एक तास मोटार चालवायला शेतकऱ्याला काहीच खर्च नाही. पाणी वाचवलं की ते शेजारी उपसणार, मग वाचवेल कोण?

तासांची पाळी लावून झाली. अडचण अशी की २० मीटर उचलीवर (पाणी जितकं उंच चढवायचं ती उंची) ५ एचपीची मोटार तासाला साधारण ३४ घनमीटर देते, ३० मीटरवर जेमतेम २३. तास सारखे, पाणी दीडपट. शिवाय काहींनी पाळी लागताच ७.५ची मोटार बसवली. (नियमच तसा असेल तर दोष कोणाला द्यायचा!) पाणी मोजायचे पंख्याचे मीटर शेवाळ आणि गाळाने अडकतात, अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी मोजणारा) मीटर प्रत्येकाला परवडत नाही.

आता विचार असा : प्रत्येकाच्या पाइपाखाली २०० लिटरचं पिंप धरून भरायला लागणारे सेकंद मोजायचे, त्यावरून तास ठरवायचे. एकरी एका पाळीला ३०० घनमीटर, ऊस असो वा कांदा. पण पातळी तीन मीटर उतरली की उचल वाढते आणि पिंपाचं माप चुकतं.

आमची पाणी वाटणारी संस्था नोंदणीकृत नाही, ठराव तोंडी आहेत. सौरपंपवाले तिघे, त्यांना रात्रीची पाळी देता येत नाही.

ज्यांच्याकडे अशी वाटणी टिकली आहे त्यांनी सांगावं : पिंपाची मोजणी हंगामात किती वेळा करता, आणि चोरून उपसणाऱ्याला पैशांचा दंड लावता की पुढच्या पाळीचे तास कापता?